बशीतले आणि ताटातले

‘सोयाबीन खा, प्रोस्टेटचा कर्करोग टाळा’ हा संदेश दर दोन-चार महिन्यांनी मोबाइलवर उगवतो. खाली ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले’ ही मोहोर असतेच. काय सिद्ध केले आणि कशावर, एवढे मात्र गाळलेले असते.

सोयाबीनमधले जेनिस्टीन हे द्रव्य पेशींना वाढीचा निरोप देणाऱ्या टायरोसिन कायनेज या विकरांना अडवते, असे जपानी संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवले. १९९३ मध्ये अमेरिकेत अलाबामा विद्यापीठातल्या संशोधकांना प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींची वाढ त्याने रोखली जाते असे आढळले. यात खोटे काही नाही. पण या प्रयोगांतल्या पेशींचीही थोडी ओळख करून घ्यावी. एलएनसीएपी नावाच्या पेशी १९७७ मध्ये बफेलो येथे एका रुग्णाच्या लसिकाग्रंथीतून काढलेल्या. पीसी-३ हाडात पसरलेल्या गाठीतल्या, डीयू-१४५ मेंदूत पोचलेल्या गाठीतल्या. त्यांची प्रजा आजही जगभर प्लास्टिकच्या बशीत वाढते आहे. त्या बशीला आतडे नाही, यकृत नाही. तिथे जेनिस्टीन थेट ओतता येते आणि गुण दिसायला ते साधारण दहा ते पन्नास मायक्रोमोलर लागते. पिढ्यान्‌पिढ्या टोफू आणि मिसो खाणाऱ्या जपानी माणसाच्या रक्तात ते बहुधा एक मायक्रोमोलरही भरत नाही. त्यातलाही बराचसा भाग आतड्याने आणि यकृताने दुसरे रेणू चिकटवून बांधून टाकलेला.

मग जपानी पुरुषांत हा आजार पाश्चात्त्यांपेक्षा कमी, त्याचे काय? कमी आहे खराच. पण २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४३ हजारांवर जपानी पुरुषांच्या पाहणीत सोयाबीन जास्त खाणाऱ्यांत ग्रंथीपुरता राहिलेला कर्करोग कमी दिसला आणि पसरलेल्या कर्करोगाचा कल मात्र उलट, वाढीकडे दिसला. फिरत्या संदेशांना यातले पहिले अर्धे वाक्य पुरते.

खरी परीक्षा अमेरिकेतल्या सात केंद्रांवर झाली. कर्करोगामुळे प्रोस्टेट काढलेले आणि रोग परतण्याचा धोका जास्त असलेले १७७ पुरुष चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटाला रोज २० ग्रॅम सोया प्रथिनांची पूड, दुसऱ्याला दुधातल्या प्रथिनांची; मुदत दोन वर्षे. कोणाला काय मिळते आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. २०१३ मध्ये निकाल छापून आला: सोया गटात २७.२ टक्के जणांत रोग परतला, दुसऱ्या गटात २९.५ टक्के. एवढ्याशा फरकाला संख्याशास्त्र फरक म्हणत नाही. उपयोग दिसत नाही म्हणून हा प्रयोग मुदतीआधीच थांबवला होता.

सोयाबीनशी आमचे वैर नाही. प्रथिनांसाठी ते उत्तम, सोयावडीची भाजी जरूर करावी. आक्षेप आहे तो बशीतला निकाल बाटलीत भरून विकण्याला. ‘नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना?’ ही समजूतही तपासून घ्यावी. याच आजारापासून बचाव व्हावा म्हणून अमेरिकेत ३५ हजारांवर पुरुषांवर ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांची चाचणी झाली. नुसते ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त निघाला. तेव्हा रात्री चारदा उठावे लागत असेल, लघवीला जोर करावा लागत असेल, तर गोळ्यांची बाटली घेण्याआधी मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवावे.

आणि ‘आमच्या घरी सोयाबीनचेच तेल असते’ म्हणून निश्चिंत असणाऱ्यांसाठी: जेनिस्टीन तेलात जवळजवळ उतरत नाही, पेंडीत राहते. आपल्याकडची ती पेंड मुख्यतः कोंबड्या खातात.