धूमकेतू आला होता, मग दिसला का नाही?

माहुलच्या वसाहतीतून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "२०२३ च्या थंडीत पेपरात आले होते की पन्नास हजार वर्षांनी हिरवा धूमकेतू येतो आहे. मुले दोन रात्री गच्चीवर उभी राहिली, काही दिसले नाही. धाकटा तेव्हापासून म्हणतो, पेपरवाले खोटे छापतात. थोरलीला वाटते आपलेच डोळे अधू आहेत. सासूबाई म्हणतात, शेंडेनक्षत्र दिसले नाही तेच बरे. आता धूमकेतूची बातमी आली की मुले विचारतात, वर जायचे का? काय सांगू?"

ताई, आधी थोरलीला सांगा की धूमकेतू दिसला नाही म्हणून डोळे अधू ठरत नाहीत. धाकट्यालाही सांगा, पेपरवाल्यांनी खोटे छापले नव्हते. अर्धेच छापले होते.

तो धूमकेतू मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या कॅमेऱ्याने टिपला. १२ जानेवारी २०२३ ला तो सूर्याजवळून वळला आणि १ फेब्रुवारीच्या सुमारास पृथ्वीपासून सव्वाचार कोटी किलोमीटरवरून गेला. तेव्हा त्याची प्रत साधारण पाचवी होती. ताऱ्यांच्या तेजाला प्रत म्हणतात. आकडा जितका मोठा तितका तारा मंद. पार अंधाऱ्या रानात चांगल्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे दिसते. म्हणून बातमीत आले, 'नुसत्या डोळ्यांनी दिसेल'. पण कुठून दिसेल, ते कोण सांगणार? मुंबईत तिसऱ्या प्रतीचे तारे दिसले तरी खूप झाले.

त्यात आणखी एक मेख आहे. पाचव्या प्रतीचा तारा हा एक ठिपका असतो. धूमकेतूचे तेवढेच तेज मोठ्या जागेत पसरलेले असते. चिमूटभर नीळ पेलाभर पाण्यात टाकली तर चटकन दिसते, तीच पिंपात टाकली तर पाणी निळे झाले की नाही याचीच शंका येते. तसे हे. माहुलला तर रिफायनरीच्या चिमणीवरची ज्योत, रात्रभर जळणारे दिवे आणि खाडीवरची दमट हवा. उजेड त्या हवेत पसरतो आणि आकाश पांढुरके होते. धूमकेतूचा पुसट डाग त्यात विरघळून जातो. धुराबद्दल माहुलची माणसे कोर्टापर्यंत गेली. उजेडाने आकाश झाकले जाते याबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

मुले कोणत्या रात्री उभी राहिली, ते पत्रात नाही. बहुधा बातमीतल्याच असाव्यात. पण ३० जानेवारीला धूमकेतू ध्रुवापासून दहाएक अंशांवर होता. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश भरते. मुंबईत ध्रुव क्षितिजापासून १९ अंशच वर, म्हणजे दोन मुठीसुद्धा नाही. उपनगरांचा सगळा उजेड त्याच पट्ट्यात. पुढे धूमकेतू ब्रह्महृदय ताऱ्याजवळ वर आला, तोवर ५ फेब्रुवारीची माघ पौर्णिमा आली. चांदण्यात असला डाग दिसत नाही. आपल्याला खरी सोय होती ती १० ते १४ फेब्रुवारीला. धूमकेतू आधी मंगळाजवळ, मग रोहिणीजवळ, संध्याकाळी जवळजवळ डोक्यावर. चंद्र उशिरा उगवणारा. धूमकेतू तोवर दूर जाऊन मंद झाला होता, पण साधी दुर्बीण हाती असती तर प्रयत्न करण्यासारखा होता. बातम्या मात्र तोवर बंद झाल्या होत्या.

नेमकी जागा ठाऊक नसेल तर भलेभले चुकतात. हॅलेने सांगून ठेवले होते की १६८२ चा धूमकेतू १७५८ च्या सुमारास परत येईल. पॅरिसमध्ये मेसिए नावाचा जाणकार वरिष्ठांनी दिलेला नकाशा घेऊन तो शोधत बसला. नकाशातली जागाच चुकीची होती. त्याला धूमकेतू सापडला २१ जानेवारी १७५९ ला. त्याआधीच, २५ डिसेंबरला, जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या पालिच नावाच्या शेतकऱ्याला तो दिसला होता. पालिच स्वतःच्या बळावर शिकलेला होता.

सासूबाईंनाही हेच सांगता येईल. ज्याच्या येण्याचे साल आधी सांगता येते, तो कोणाचे वाईट करायला कशाला येईल? १९१० साली पृथ्वी हॅलेच्या शेपटीतून जाणार म्हणून जगभर घबराट झाली, विषारी वायूवर गोळ्यासुद्धा विकल्या गेल्या. झाले काहीच नाही. गोळ्या विकणाऱ्यांचे तेवढे भले झाले. तोच हॅले डिसेंबर २०२३ मध्ये सूर्यापासून सर्वांत लांब जाऊन आता परत फिरला आहे. २०६१ ला येईल. धाकटा तेव्हा आजोबा असेल.

पुढच्या वेळी बातमी आली की तीन गोष्टी विचारा: प्रत किती, कोणत्या ताऱ्याजवळ, आणि चंद्र केव्हा उगवतो. प्रत चौथी-पाचवी असेल तर माहुलची गच्ची उपयोगाची नाही. गावी असाल तर खळ्यावरून पाहा, नाहीतर कर्जत लाईनवर वांगणीला खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन होत आले आहे. तिथे निदान वीस मिनिटे दिवा किंवा मोबाईल पाहू नका. डागाकडे रोखून न पाहता किंचित बाजूला पाहा. मंद उजेड तिरप्या नजरेला लवकर कळतो. शेजारच्या ताऱ्यांसह त्याची जागा वहीत काढा. दुसऱ्या रात्री डाग सरकलेला दिसला तर धूमकेतू. जागचा हलला नाही तर तारकापुंज किंवा तेजोमेघ.

आणि गच्चीवर जायचेच, तर धूमकेतूची वाट कशाला पाहायची? जानेवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास डोक्यावर कृत्तिकांचा छोटा पुंजका असतो. त्यातल्या सहा ठळक तारकांपैकी सर्वांत तेजस्वी तिसऱ्या प्रतीच्या आसपास, सहावी चौथीच्या थोडी खाली. थोरलीला त्या मोजायला सांगा. सहाही दिसल्या तर आकाश चौथ्या प्रतीपर्यंत उघडे आहे. एक-दोनच दिसल्या तर दोष कुठे आहे ते कळेल. आकडा, तारीख आणि वेळ लिहून पाठवा.