घर, वस्ती आणि उतरता भाव

घरांचे भाव उतरणीला लागल्याची कुजबुज सुरू झाली, की मध्यमवर्गीय मराठी घरात एकच शब्द वारंवार ऐकू येऊ लागतो : ‘थांबा.’ कचेरीतील सहकारी थांबा म्हणतो, मेहुणा थांबा म्हणतो, वर्तमानपत्राची अर्थविषयक पुरवणीही तेच सांगते. वरवर पाहता हा सल्ला शहाणपणाचाच आहे. उतरत्या बाजारात खरेदीची घाई कोणी करावी? परंतु हा सल्ला देणारा ‘घर’ म्हणजे कोठलेही घर असे गृहीत धरतो. ज्याला पार्ल्यातच, दादरलाच, ठाण्याच्या नौपाड्यातच घर हवे आहे, कारण तेथे त्याचे आईवडील राहतात, तेथील शाळेत तो शिकला आणि तेथील डॉक्टर त्याच्या घरातील तीन पिढ्यांची दुखणी ओळखतात, त्याच्यासाठी थांबण्याचा हिशेब निराळा आहे. तो निराळा का, हे फारसे कोणी मांडत नाही, म्हणून हा प्रपंच.

‘मुंबईत जागेचे भाव कधी उतरत नाहीत’ हे वाक्य आपल्याकडे सिद्धान्तासारखे सांगितले जाते. ते खरे नाही. १९९४-९५ च्या सुमारास मुंबईतील भाव शिखरावर होते. त्यानंतरची सात-आठ वर्षे ते उतरत किंवा जागच्या जागी पडून राहिले. त्या काळात जो धीराने थांबला त्याला दुहेरी लाभ झाला, कारण भावाबरोबर व्याजही उतरले. १९९५ च्या आसपास गृहकर्जाचे व्याज सोळा टक्क्यांच्या घरात होते. २००३-०४ मध्ये ते आठ टक्क्यांच्या आसपास आले. दहा लाखांचे कर्ज पंधरा वर्षांसाठी घेतले, तर सोळा टक्क्यांनी महिन्याचा हप्ता सुमारे १४,७०० रुपये होतो; आठ टक्क्यांनी तो सुमारे ९,५५० रुपये होतो. घराचा भाव एक पैसाही उतरला नसता, तरी हप्ता एक तृतीयांशाने घटलाच असता. त्यात २००१ च्या अर्थसंकल्पाने गृहकर्जाच्या व्याजावरील प्राप्तिकर सवलतीची मर्यादा दीड लाखापर्यंत नेली. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या अनेक नोकरदारांची घरे त्याच दोन-तीन वर्षांत झाली.

दुसरी उतरण अगदीच अल्पायुषी ठरली. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही बँक कोसळली आणि आपल्याकडेही व्यवहार गोठले. २००९ च्या प्रारंभी बांधकाम व्यावसायिकांनी भाव खाली आणले. रिझर्व्ह बँकेने रेपो दर नऊ टक्क्यांवरून एप्रिल २००९ पर्यंत पावणेपाच टक्क्यांवर आणला, सरकारी बँकांनी वीस लाखांपर्यंतच्या कर्जांसाठी खास सवलतीची योजना आणली, आणि वर्ष सरण्यापूर्वी भाव पुन्हा चढू लागले. ज्यांनी मागचा अनुभव उशाशी घेऊन ‘अजून चार-पाच वर्षे उतरतील’ असा अंदाज बांधला होता, त्यांच्या हाती काही लागले नाही. पहिल्या उतरणीत जे शहाणपण होते तेच दुसऱ्या उतरणीत अंगाशी आले.

तिसऱ्या उतरणीला उतरण म्हणावे की नाही, हाच प्रश्न आहे. साधारण २०१३ पासून २०२० पर्यंत मुंबईतील भाव फलकावर फारसे हलले नाहीत. दरम्यान नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली, मे २०१७ मध्ये रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला, त्याच वर्षी जुलैमध्ये वस्तू व सेवा कर आला. फलकावरचा आकडा तोच राहिला. परंतु महागाई वाढत होती, पगार वाढत होते. म्हणजे घराचा भाव उतरला नाही, रुपयाच उतरला, आणि परिणाम तोच झाला. अखेर सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केले, ते डिसेंबरअखेरपर्यंत. पुढील तीन महिने दोन टक्क्यांची सूट दिली. त्या सात महिन्यांत नोंदणी कार्यालयांत रांगा लागल्या. फलकावरचा आकडा खाली येण्याची वाट पाहत बसलेला मनुष्य तेव्हाही घरीच बसून होता! २०२१ नंतर भाव पुन्हा वर गेले.

आता वस्तीकडे येऊ. नव्या उपनगरात एकाच वेळी शेकडो सदनिका विक्रीस असतात. तेथे व्यावसायिकाच्या डोक्यावर कर्ज असते, व्याज धावत असते, त्यामुळे मागणी घटली की त्याला झुकावे लागते. जुन्या वस्तीत असे घडत नाही. तेथील बहुतेक घरे वडिलांकडून मुलांकडे आलेली, कर्जमुक्त. भाव पडला की मालक विकतच नाही. ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून घराला कुलूप लावून ठेवतो. म्हणून उतरणीच्या काळात अशा वस्तीत भाव कोसळत नाहीत, घरेच दिसेनाशी होतात. अंतरावरच्या नव्या नगरांतील उतार वर्तमानपत्रात वाचून जो आपल्या जुन्या वस्तीत तोच उतार शोधतो, त्याची निराशा अटळ आहे.

यात सरकारचाही वाटा आहे, आणि तो थोडका नाही. मुद्रांक शुल्क हे राज्याच्या उत्पन्नाचे मोठे साधन. ते आकारले जाते करारातील किंमत आणि सरकारी दरपत्रकातील मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर. बाजार पडला तरी दरपत्रक तत्परतेने खाली येत नाही. त्याहून कठोर तरतूद प्राप्तिकराची आहे : सरकारी मूल्यापेक्षा ठरावीक मर्यादेपलीकडे कमी भावाने व्यवहार झाला, तर तो फरक विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्याही हिशेबात धरून कर लावला जातो. काळ्या पैशाला आळा घालण्याचा हेतू रास्त आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु खरोखरच गरजेपोटी स्वस्तात विकणारी वृद्ध विधवा आणि निम्मी रक्कम रोखीने घेणारा व्यापारी यांना कायदा एकाच नजरेने पाहतो. घराचा भाव कधी खाली येऊ शकतो, हे शासनाच्या लेखी जणू अस्तित्वातच नाही. चढत्या बाजारात दरपत्रक वर नेण्याची जी तत्परता दिसते, ती उतरत्या बाजारात दिसली असती, तर प्रामाणिक ग्राहकाला पडत्या भावाचा लाभ खरोखर मिळाला असता.

मग थांबूच नये काय? तसे नाही. ‘भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा’ असे आपल्याकडची वडीलधारी मंडळी सांगतात, ते गणिताला धरून नाही. उदाहरणादाखल एक कोटीची सदनिका घेऊ. तिचे भाडे महिना पंचवीस हजार, म्हणजे वर्षाला तीन लाख. तीच विकत घ्यायची तर पंचवीस लाख पदरचे आणि पंचाहत्तर लाख कर्जाचे. साडेआठ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याजच सव्वासहा लाखांहून अधिक. उलट भाडेकरूचे पंचवीस लाख बँकेत सात टक्क्यांनी पावणेदोन लाख मिळवून देतात. दोहोंतला फरक वर्षाला सुमारे पाच लाखांचा. म्हणजे घराचा भाव वर्षाकाठी पाच टक्क्यांपेक्षा कमी वेगाने वाढत असेल, तोवर भाड्याने राहून थांबणारा तोट्यात नसतो. भाव उतरत असतील तर तो नफ्यातच असतो. अट इतकीच, की वाचलेले पाच लाख खरोखर बाजूला पडले पाहिजेत. ते मोटारीत आणि सहलींत गेले, तर थांबणे हे केवळ चालढकल ठरते.

आणि भाड्याने राहायचे ते त्याच वस्तीत. याचे कारण भावनिक आहे तसेच व्यावहारिकही. जुन्या वस्तीतील घर दलालाच्या यादीत येण्यापूर्वी जिन्यात, भाजीवाल्यापाशी, देवळाच्या पायरीवर विकावयास निघते. तिसऱ्या मजल्यावरचे काका मुलाकडे अमेरिकेला कायमचे चालले आहेत, ही बातमी बदलापुरात बसून कळत नाही. अकरा महिन्यांच्या करारांचा जाच आहे, दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवण्याची दगदग आहे, हे मान्य. परंतु एकदा वस्ती सोडून लांब गेलेले कुटुंब क्वचितच परतते. मुलांच्या शाळा तिकडे होतात, आणि तीन वर्षांचे म्हणून गेलेले बिऱ्हाड तेथेच रुजते. गिरगावातून पार्ल्याला, पार्ल्याहून डोंबिवलीला, डोंबिवलीहून बदलापूरला, हा मराठी माणसाचा प्रवास ‘तूर्त थांबू’ या दोन शब्दांनीच बव्हंशी घडला आहे. लांब जाऊन राहणाऱ्यांनी तेथेही उत्तम संस्था उभ्या केल्या. डोंबिवली हे त्याचे ठळक उदाहरण. तथापि मागे राहिलेल्या वस्तीचे काय झाले, हेही पाहावे. १९२१ ची पार्ले टिळक विद्यालय, १९२३ चा लोकमान्य सेवा संघ यांसारख्या संस्था वस्तीतील तरुणांच्या खांद्यावर उभ्या राहिल्या. जुन्या वस्त्यांतील अशा कार्यकारिणीच्या बैठकीला आज जाऊन बसावे आणि उपस्थितांची वये मोजावीत.

थांबणाऱ्याला आणखी एक धोका संभवतो, आणि तो भावात दिसत नाही. १९६०-७० च्या दशकांतील तीन-चार मजली सहकारी इमारती आता पुनर्विकासाला निघाल्या आहेत. त्यांत चारशे चौरस फुटांची घरे होती. त्यांच्या जागी सातशे-आठशे फुटांची घरे होतात, वर दोन मजली वाहनतळ. समजा, तीस हजारांचा दर उतरून सत्तावीस हजार झाला. चारशे फुटांचे जुने घर तीस हजारांनी एक कोटी वीस लाखांना मिळाले असते. सातशे फुटांचे नवे घर सत्तावीस हजारांनीही एक कोटी एकोणनव्वद लाखांना पडते. दर उतरला, घर मात्र हाताबाहेर गेले. नव्याने संसार मांडणाऱ्या जोडप्याला परवडणारे लहान घरच वस्तीतून नाहीसे होत आहे.

म्हणून माझ्या मते भावाचा तळ शोधण्याचा नाद सोडावा. तळ कोठे होता हे नंतरच कळते. आपल्याला महिन्याला किती हप्ता झेपेल हे कागदावर मांडावे, पदरची रक्कम आणि मुद्रांक शुल्काचे पैसे तयार ठेवावेत, आणि ज्या दिवशी वस्तीतील घर त्या आकड्यात बसेल त्या दिवशी घ्यावे. पुढे पाच टक्के उतरले तरी हळहळू नये. उतरत्या काळात अर्धवट बांधलेल्या इमारतीत पैसे अडकवू नयेत, कारण विक्री थांबली की प्रथम थांबते ते बांधकाम. भोगवटा प्रमाणपत्र, संस्थेचे भागप्रमाणपत्र, जमिनीचे अभिहस्तांतरण, ही कागदपत्रे ओळखीच्या माणसाकडूनही तपासून घ्यावीत. आणि हो, पडत्या भावाचा फायदा घेताना समोर कोण आहे, याचेही भान असावे. ज्या आजोबांनी लहानपणी आपल्याला सायकल शिकवली, त्यांची म्हातारपणाची पुंजी म्हणजे तेच घर असते. घासाघीस करू नये असे नाही. परंतु तयार पैसे, ठरल्या दिवशी व्यवहार आणि त्यांना सामान हलवायला दोन महिने, एवढे देऊन जो भाव ठरतो तो बहुधा दोघांनाही मान्य होण्यासारखा असतो.

राहता राहिला पुनर्विकासाचा प्रश्न. सदस्यांच्या सर्वसाधारण सभेत जादा किती फूट मिळणार, भाडे किती, कॉर्पस निधी किती, यावर तासन्‌तास खल होतो. विक्रीसाठीच्या सदनिकांपैकी काही चारशे फुटांच्या असाव्यात आणि त्या बाहेर विकण्यापूर्वी इमारतीतील कुटुंबांच्या मुलामुलींना ठरल्या भावाने देऊ कराव्यात, अशी अट विकासकरारात घालण्याचा आग्रह धरता येतो. करारावर सह्या होण्यापूर्वीच ती घालावी लागते. ज्यांच्या संस्थेत सध्या निविदा मागविण्याचे चालले आहे, त्यांनी पुढच्याच सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय लेखी द्यावा.