आकडे वेगळे, कारण प्रश्न वेगळे

एखादा शब्द लोक किती शोधतात हे पाहण्यासाठी तो गूगल कीवर्ड प्लॅनर, एचरेफ्स, सेमरश आणि गूगल ट्रेंड्स या चार साधनांत टाकला, तर बहुधा चार वेगळी उत्तरे येतात. यावर दोन मते रूढ आहेत. एक मत म्हणते, सगळेच आकडे बनावट असल्याने ते पाहूच नयेत. दुसरे म्हणते, चौघांची सरासरी काढावी, सत्य कुठेतरी मध्येच असणार. दोन्ही मते चुकीची आहेत, आणि दुसरे अधिक घातक आहे. डहाणू-तलासरी पट्ट्यातले शब्द तपासले की ही चूक लवकर उघडी पडते. इथे शोध लहान गावांचे आहेत, मराठी-गुजराती-हिंदी सरमिसळ रोजची आहे आणि इथल्या नावांचे साधर्म्य भलत्याच गोष्टींशी आहे.

पहिल्या मताचा मुद्दा असा, की मोजणी खरी असती तर आकडे जुळले असते. पण ही साधने एकच गोष्ट मोजतच नाहीत. कीवर्ड प्लॅनर जाहिरातदारांसाठी बनवलेला आहे. तो सहसा मागच्या बारा महिन्यांची मासिक सरासरी ठोकळ करून दाखवतो, जवळची रूपे एकत्र धरतो आणि जाहिरातीवर फारसा खर्च नसलेल्या खात्याला 'शंभर ते हजार' असा ऐसपैस पल्ला देतो. गूगल ट्रेंड्स शोधांची संख्या सांगतच नाही. निवडलेल्या काळात आणि प्रदेशात एकूण शोधांपैकी त्या शब्दाचा वाटा किती, हे नमुन्यावरून काढून तो सर्वोच्च बिंदूला 100 मानतो. एचरेफ्स आणि सेमरश ही खासगी साधने वेगवेगळ्या स्रोतांची सांगड घालून अंदाज बांधतात. काही लोकांच्या ब्राउझरमधून गोळा झालेली क्लिकांची नोंद हा त्यांतला एक स्रोत असतो. अशी नोंद विकणारी जंपशॉट ही अवास्टची उपकंपनी जानेवारी 2020 मध्ये बंद झाली, तेव्हा काही साधनांना पर्यायी स्रोत शोधावा लागला. स्रोत बदलला की आकडा हलतो, शोधणाऱ्यांची सवय तीच राहिली तरी. असा आकडा ढोबळ असतो, पण ढोबळ म्हणजे खोटा नव्हे.

सरासरीचे मत यामुळेच कोसळते. चिकूचे वजन, भाव आणि गोडी यांची बेरीज करून तिनाने भागल्यास जे हाती येईल, त्याच तोडीची ही सरासरी असते. ट्रेंड्सचा 60 आणि प्लॅनरचा 600 यांचा मध्य काढता येतो, पण तो कशाचा मध्य आहे हे सांगता येत नाही.

तिसरे एक मत कमी बोलले जाते आणि जास्त पाळले जाते: सर्वांत मोठा आकडा दाखवणारा शब्द निवडावा. डहाणू-घोलवड चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो विकणाऱ्या बागायतदाराने या मताप्रमाणे नुसते 'चिकू' निवडले, तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. मराठीत पहिली वेलांटी ऱ्हस्व, हिंदीत 'चीकू' अशी दीर्घ. रोमन लिपीत कोणी शेवटी एक यू लिहितो, कोणी दोन ओ, तर कोणी मधे एक सी घालतो. दक्षिणेकडचा ग्राहक 'सपोटा' म्हणतो. एक साधन ही रूपे एकत्र धरते, दुसरे सुटी मोजते, म्हणून एकाच फळाचे आकडे दूर जातात. त्यात चीकू हे विराट कोहलीचे टोपणनाव आहे आणि 'चंपक' मासिकातल्या सशाचेही. क्रिकेटचा सामना रंगला की या शब्दाचा आलेख चढू शकतो, पण त्याने घोलवडची एक पेटीही जास्त खपत नाही. ट्रेंड्समध्ये शब्द 'शोधसंज्ञा' म्हणून घेतला तर लिहिलेली अक्षरेच मोजली जातात, 'विषय' म्हणून फळ निवडले तर निरनिराळ्या भाषांतले आणि वर्तन्यांतले शोध एकत्र येतात. एकाच साधनाच्या एकाच पानावर दोन उत्तरे येतात आणि दोन्ही बरोबर असतात.

'वारली' हा शब्द याहून अवघड. ती जमात आहे, बोली आहे आणि 2014 मध्ये मानांकन मिळालेली चित्रकलाही आहे. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच चित्रांसाठी. रोमन लिपीत मात्र वारली आणि मुंबईतली वरळी यांच्यात एकाच स्वराचा फरक उरतो, त्यामुळे आकड्यात घराच्या किमती शोधणारेही मिसळण्याची शक्यता राहते. तो आकडा वाचण्यापूर्वी त्या शब्दाला गूगल प्रत्यक्ष कोणती पाने दाखवते, हे पाहणे भाग आहे. पहिल्या पानावर शाळेच्या प्रकल्पासाठी सोपी चित्रेच दिसत असतील, तर मूळ चित्र विकत घेणारा ग्राहक त्या शब्दाने येत नाही.

'स्पर्धा' या रकान्यावरूनही उगाच वाद होतो. प्लॅनरमधली स्पर्धा जाहिरातदारांची असते. एचरेफ्समधली अवघडपणाची संख्या पहिल्या दहा पानांना किती संकेतस्थळांनी दुवे दिले आहेत यावरून निघते. 'चिकू चिप्स'ला एकाने तीव्र स्पर्धा म्हटले आणि दुसऱ्याने सोपे म्हटले, तरी त्यात विसंगती नाही. जाहिरात महाग पडेल आणि चांगले पान लिहिले तर ते फुकटात वर येऊ शकेल, असा त्याचा अर्थ, आणि छोट्या विक्रेत्याच्या तो फायद्याचाच आहे.

मग ग्राह्य काय धरावे? एका साधनातल्या आकड्यांची तुलना त्याच साधनातल्या आकड्यांशी करावी. 'डहाणू बीच' की 'बोर्डी बीच', हा प्रश्न एकट्या प्लॅनरला विचारता येतो. त्यातल्या एकाचा आकडा प्लॅनरमधून आणि दुसऱ्याचा सेमरशमधून घेणे वर्ज्य. हंगाम ट्रेंड्सला विचारावा, संख्या विचारू नये. शून्याचा अर्थ 'कोणीच शोधत नाही' असा घेऊ नये. तलासरीतला माणूस फोनवर बोलून, अर्धे मराठी अर्धे गुजराती असे जे विचारतो, ते कोणत्याच साधनाच्या यादीत बसेलच असे नाही. शोध थोडे असले की ट्रेंड्सही शून्यच दाखवतो.

पान प्रसिद्ध झाल्यावर खरा पुरावा गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये मिळतो. आपले पान कोणत्या शोधाला किती वेळा दिसले आणि किती क्लिक झाले, याची 16 महिन्यांपर्यंतची नोंद तिथे असते. तिलाही मर्यादा आहेत. फार विरळ शोध खासगीपणासाठी वगळले जातात, आणि पान दुसऱ्या पृष्ठावर असेल तर शोधणारा तिथवर गेला तरच ते 'दिसले' म्हणून मोजले जाते. तरीही बाहेरच्या अंदाजांना ताळ्यावर आणण्याचे एवढे भरवशाचे दुसरे माप छोट्या व्यवसायाजवळ नसते.

विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा हे सगळे एकदम तपासून पाहते. नुसते 'महालक्ष्मी' म्हटले की कोल्हापूर आणि मुंबईच आकडा व्यापतात, म्हणून 'डहाणू' किंवा 'विवळवेढे' जोडावेच लागते. जोडले की वार्षिक सरासरी नगण्य दिसते, कारण पंधरवड्याची गर्दी बारा महिन्यांवर पसरली जाते. शिवाय यात्रा चैत्र पौर्णिमेला सुरू होते. 2023 मध्ये ती 6 एप्रिलला आली, 2024 मध्ये 23 एप्रिलला. पहिल्या वर्षी सगळी यात्रा एप्रिलमध्ये आटोपली, दुसऱ्या वर्षी ती मे महिन्यात शिरली. एप्रिलची एप्रिलशी तुलना करणाऱ्याला त्यामुळे रस घटल्याचा भास होऊ शकतो. इथे महिन्याचा रकाना सोडून सर्च कन्सोलमध्ये पौर्णिमेच्या आठवडाभर आधीपासून यात्रा संपेपर्यंतच्या तारखा निवडाव्यात आणि मागच्या वर्षीच्या त्याच तिथींशी त्या ताडून पाहाव्यात.