गळाची गाठ

गळ टाकून मासे धरण्याच्या छंदात काठी, चक्री आणि आमिष यांचे कौतुक पुष्कळ होते. गाठीचे नाव मात्र मासा निसटल्यावरच निघते. वास्तविक चांगला तंगूस अधेमधे क्वचितच तुटतो. दगा होतो तो बहुधा गाठीपाशी.

जुन्या सुती दोरीला आपली घरगुती निरगाठ पुरत असे. सूत अंगचेच खरखरीत, त्यामुळे त्याचे वेढे एकमेकांना धरून राहतात. १९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स यांच्या प्रयोगशाळेत जन्मलेल्या नायलॉनची प्रकृती निराळी. ते गुळगुळीत आणि ताठर. वाकविले तरी सरळ होऊ पाहते. त्यात निरगाठ घसरते, आणि न घसरली तर सारा ताण एकाच वळणावर येऊन तंगूस तेथेच तुटतो. हा ताण अनेक वेढ्यांवर वाटून देणे, हेच चांगल्या गाठीचे काम.

गोव्यात खाजन शेतीच्या मानशींपाशी भरतीबरोबर येणारा चोणक, म्हणजे रायगडकडचा जिताडा, या गाठीची खरी परीक्षा घेतो. पाण्यातून ओढत नेलेल्या नकली माशावर तो अशी झडप घालतो की, सैल गाठीला सावरण्यास उसंतच मिळत नाही.

तंगुसाचे टोक नकली माशाच्या पुढील कडीतून ओवून वीतभर बाहेर काढावे. मूळ तंगुसाभोवती त्याचे पाच-सहा वेढे द्यावेत. तंगूस जाड असल्यास चार पुरेत. मग टोक मागे वळवून कडीलगतच्या लहान फटीतून काढावे. तसे करताना जो मोठा फास तयार होतो, त्यातून तेच टोक पुन्हा ओवावे. ही शेवटची ओवणी आळसाने टाळणारे पुष्कळ. टोक घसरू नये म्हणून तीच तर हवी!

आता गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी. सुईत ओवण्यापूर्वी दोरा ओला करण्याची आपल्या घरातली सवय येथेही उपयोगी पडते, कारण मात्र वेगळे. कोरडा तंगूस आवळताना घर्षणाने तापतो आणि वरून दिसला नाही तरी आतून दुबळा होतो. मूळ तंगूस सावकाश ओढावा. वेढे एकमेकांवर न चढता शेजारी शेजारी बसले पाहिजेत. चढले, तर गाठ कापून नव्याने बांधावी. टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवून छाटावे व हातांनी जोराचा हिसका देऊन पाहावा.

चोणकाच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड धारदार असते. म्हणून पुढे हातभर जाड तंगूस जोडणे बरे. प्रत्येक झटापटीनंतर हा भाग बोटांतून फिरवावा आणि खरखर लागली की तेवढा कापून टाकावा. गाठ सुटली तर केवळ मासा जात नाही. तो तीन काट्यांचा गळ जबड्यात घेऊन जातो, आणि ते त्या मुक्या जिवाचे हाल असतात.

छाटलेले तुकडे पाण्यात फेकू नयेत. नायलॉन कुजत नाही, आणि पाणकावळ्यांच्या पायांत अडकते. ते खिशात घालून घरी आणावेत.