किती वाजता उठवू?

"चार दिवस रजा टाकून लोकांची खरकटी ताटं उचलायला गेला होतास?" सांगलीहून ताईनं फोनवर विचारलं. आवाजात राग नव्हता, कीव होती. धाकटा भाऊ इंग्लंडमध्ये चांगल्या नोकरीला, आणि सुट्टीत हे उद्योग! "बरं, सायकल तरी चालवलीस का?" नाही, म्हटलं. या खेपेला सायकल घरीच होती.

गोष्ट २०२२ च्या ऑगस्टमधली. लंडन-एडिंबरा-लंडन नावाची एक सायकल राइड असते. लंडनच्या परिसरातून निघायचं, स्कॉटलंडच्या राजधानीच्या बाजूला जायचं आणि परत यायचं. सुमारे पंधराशे किलोमीटर, आणि मुदत सव्वाशे तासांच्या आसपास. ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षीस नाही. मुदतीत पोचलात की झालं. १९८९ पासून ही राइड साधारण दर चार वर्षांनी होते. २०२१ ची करोनामुळे एक वर्ष पुढं गेली होती. वाटेत ठरावीक अंतरावर थांबे असतात, त्यांना 'कंट्रोल' म्हणतात. सुट्टीमुळे रिकाम्या असलेल्या शाळांमध्ये हे कंट्रोल उभे राहतात, आणि ते चालवणारे सगळे स्वयंसेवक असतात. पगार कुणालाच नाही.

माझी नेमणूक लिंकनशायरमधल्या एका शाळेत होती. जेवणाच्या सभागृहात सूप, पास्ता, उकडलेले बटाटे आणि राइस पुडिंग. व्यायामशाळेत ओळीनं हवेच्या गाद्या, प्रत्येकीला क्रमांक आणि वर एक पांघरूण. दारात सायकलींचे ढीग, दाराच्या आत बुटांचे. येणाऱ्याच्या कार्डावर शिक्का मारायचा, वेळ लिहायची, त्याला जेवायला पाठवायचं, झोपायचं असेल तर गादी दाखवायची आणि एकच प्रश्न विचारायचा : किती वाजता उठवू? शिवाय ताटं उचलणं, भांडी, संडास धुणं, सांडलेलं पुसणं हेही आलंच.

पहाटे दोन वाजता भारताच्या जर्सीतले दोघं आले. एकानं माझ्या छातीवरचा नावाचा कागद वाचला आणि म्हणाला, "काका, मराठी?" मी हो म्हणायच्या आत दुसरा म्हणाला, "काका, भात मिळेल का हो?" भात नव्हता. राइस पुडिंगचा वाडगा पुढं केला. त्यानं एक चमचा खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाला, "दूधभात आहे की!" तीन वाडगे गेले. या राइडसाठी त्यांनी वर्षभर घाटात सराव केला होता, व्हिसासाठी खेटे घातले होते, सायकल खोक्यात भरून आणली होती. पण त्या क्षणी त्यांना काय हवं होतं? वाडगाभर गोड भात आणि दीड तास झोप. अशा वेळी शाबासकीपेक्षा गरम अन्न मोठं असतं.

आता माझी चूक सांगतो, कारण हा लेख त्या चुकीमुळेच लिहितो आहे.

१० ऑगस्टची रात्र. दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा, त्यामुळे बाहेर लख्ख चांदणं. इंग्लंडात त्या आठवड्यात चांगलाच उकाडा होता, आणि परतीच्या वाटेवरचे लोक उन्हानं पार शिजून येत होते. झोपेच्या दालनाची जबाबदारी माझ्याकडं होती. कागदावर गादीचा क्रमांक आणि उठवण्याची वेळ. आधीच्या पाळीतल्या कुणीतरी युरोपीय वळणाचा, वर लांब शेपूट असलेला एक लिहिला होता. मी टॉर्चच्या मिणमिणत्या उजेडात '४१' चं '४७' वाचलं. चष्मा बाहेर टेबलावर राहिला होता. अडीच वाजता मी सत्तेचाळीसवरच्या बाईंना हलवून उठवलं. त्यांना झोपून जेमतेम वीस मिनिटं झाली होती. त्या उठल्या, एक बूट घातला, घड्याळ पाहिलं आणि काही न बोलता पुन्हा आडव्या झाल्या. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मला वाटलं, ज्यांना उठायचं होतं त्याच या, आणि आता मन बदललं असेल.

एक्केचाळीसवरचा माणूस झोपूनच राहिला. यादी पुन्हा वाचली तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. पन्नास मिनिटं! मी धावत जाऊन त्याला उठवलं, माफी मागितली. त्याला इंग्रजी फारसं येत नव्हतं. त्यानं माझ्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मान हलवली, बूट चढवले आणि निघाला. त्याच्या हातात फार वेळ शिल्लक नव्हता हे कार्डावरूनच दिसत होतं. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

पुढचा दीड दिवस मी मोबाइलवर त्याचा रायडर क्रमांक टाकून बघत राहिलो, पुढच्या थांब्यावर नोंद झाली का, त्याच्या पुढच्या थांब्यावर झाली का.

तोवर माझी समजूत अशी होती की स्वयंसेवा म्हणजे मोठं मन. त्या रात्री कळलं की मन पुरत नाही. सेवा हे काम आहे, आणि काम नेमकं व्हावं लागतं. पुण्यात पालख्या मुक्कामी येतात तेव्हा वारकऱ्यांच्या पायांना तेल चोळणारे, वहाणा शिवून देणारे, फुकट दाढी करून देणारे लोक आपण लहानपणापासून बघत आलो. भाव मोठाच. पण वहाण शिवताना टाका आतून टोचला, तर पुढच्या मुक्कामापर्यंत फोड त्या वारकऱ्याच्या पायाला येतो, शिवणाऱ्याच्या नाही.

ट्रायथलॉनमध्ये हे आणखी ठळकपणे दिसतं. आयर्नमन म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धावणं. मुदत साधारण सतरा तास. आता आपल्यातले पुष्कळ जण यात उतरतात. गोव्यात मिरामारला २०१९ पासून याच्या निम्म्या अंतराची स्पर्धा सुरू झाली, तेव्हा गावाकडचे नातेवाईकही बघायला जाऊ लागले. परदेशात एखादा मराठी स्पर्धक असला की मंडळाची दहा माणसं लेझीम घेऊन रस्त्याकडेला उभी राहतात. छान वाटतं. पण मग कुणीतरी प्रेमानं चिक्की पुढं करतं, कुणी भाऊ शंभर-दोनशे मीटर बरोबर पळतो, कुणी पंक्चर झालेल्या चाकाला हात लावतो. बहुतेक स्पर्धांत ही 'बाहेरची मदत' ठरते. त्यासाठी दंड होतो, प्रसंगी स्पर्धकाला बादही करतात. पाणी, केळं, मीठ जे घ्यायचं ते अधिकृत टेबलावरून. म्हणजे आपल्या माणसाला खरंच काही द्यायचं असेल, तर रीतसर नाव नोंदवून त्या टेबलामागं उभं राहावं लागतं. आणि तिथं उभं राहिलं की आपल्या माणसाबरोबर इतर शेकडो अनोळखी माणसांनाही तेच पाणी द्यावं लागतं. मला यातला हा भाग सगळ्यात आवडतो.

खेळाडूंनी एकमेकांना किती मदत करावी, हाही वादाचाच विषय आहे. २०१६ मध्ये मेक्सिकोतल्या कोझुमेलला ब्रिटनचा जॉनी ब्राउनली आघाडीवर होता, आणि शेवटच्या टप्प्यात उन्हानं त्याचे पाय लटपटू लागले. मागून येणारा त्याचा भाऊ अॅलिस्टर थांबला, त्याला खांद्याचा आधार देत अंतिम रेषेपर्यंत आणलं आणि स्वतःच्या पुढं ढकललं. सगळ्या जगानं तो व्हिडिओ पाहिला, डोळे पुसले. त्यानंतर अशी शारीरिक मदत नियमानं बंद झाली. २०१९ मध्ये टोकियोच्या सराव स्पर्धेत दोन ब्रिटिश मैत्रिणी हातात हात घालून पहिल्या आल्या, आणि दोघीही बाद झाल्या. नियम कोरडा वाटतो खरा. पण मदत कुणी करायची, कुठं करायची आणि किती करायची हे ठरलेलं असलं, तरच ज्याचा भाऊ तिथं नाही त्यालाही न्याय मिळतो.

अमेरिकेतल्या वाचकांना 'रॅम' माहीत असेल, 'रेस अॅक्रॉस अमेरिका'. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटर. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात ती पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्यानं पूर्ण केली. ही नावं आपण अभिमानानं घेतो, आणि घ्यायलाच हवीत. पण स्वाराच्या मागं रात्रभर गाडी कोण चालवत होतं? बाटल्या कोण भरत होतं, वाळवंटात बर्फ कोण शोधत होतं, चौथ्या रात्री झोपेनं पेंगणाऱ्या माणसाला बोलतं कोण ठेवत होतं? ती नावं आपल्याला पाठ नाहीत. भारतातून येणाऱ्या अशा चमूला उजव्या बाजूनं गाडी चालवायची सवय असलेला, परवाना असलेला, कुठल्या गावात रात्री दुकान उघडं असेल हे सांगणारा माणूस मिळाला तर केवढा आधार होतो! असा माणूस आपल्यातलाच कुणीतरी असू शकतो.

आपण सगळे पदकांचे फोटो टाकतो. मीही टाकतो. परदेशात आल्यावर पस्तिशी-चाळिशीत आपल्याला व्यायामाची गोडी लागली, हे चांगलंच झालं. पण आपल्या धावण्या-पोहण्यासाठी इथले निवृत्त शिक्षक, परिचारिका, बँकेतले कारकून पहाटे चारला उठून रस्त्यावर उभे राहतात. त्यांच्या रांगेत आपले चेहरे फार थोडे दिसतात. आपल्याला हे जमत नाही असं मुळीच नाही. गणपतीत पाचशे पानांचा महाप्रसाद करणाऱ्या मंडळाला शे-दोनशे लोकांना सूप वाढणं काय अवघड? सवय फक्त आपल्या माणसांसाठी राबायची आहे. ती थोडी रुंद करायला हवी.

माझा स्वतःपुरता नियम असा : वर्षात एक स्पर्धा माझ्यासाठी, एक दुसऱ्यांसाठी. गावाकडच्या मंडळींनाही सांगेन. पुण्या-मुंबईत, नाशकात, नागपुरात २०० पासून ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे होतात. भाचा-पुतण्या त्यात असेल, तर 'जपून जा' म्हणून घरी बसण्यापेक्षा आयोजकांना फोन करून विचारा, रात्रीच्या कंट्रोलवर माणूस हवा का. गेलात तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. 'आता आलंच' असं खोटं सांगू नका, किती किलोमीटर उरलेत ते नीट सांगा. बसल्याजागी शब्द जड झालेल्या, डोळ्यांवर झापड आलेल्या माणसाला टाळ्या वाजवून पुढं पाठवू नका, अर्धा तास आडवं व्हायला सांगा. आणि कुणी सायकल सोडून द्यायचं म्हणाला, तर आधी त्याला खाऊ घाला, मग काय ते ठरवू द्या.

हे शेवटचं मी अनुभवानं सांगतो. २०१७ मध्ये याच वाटेवर मी सायकलवर होतो, आणि स्कॉटलंड दिसायच्या आत गुडघा गेला. एका कंट्रोलवर एका आजीबाईंनी मला सूप दिलं, गुडघ्याला बर्फ बांधला, आणि मी खरोखरच पुढं जाऊ शकत नाही हे कळल्यावर सकाळच्या रेल्वेची वेळ कागदावर लिहून दिली. नाव विचारायचं राहून गेलं. ताईला मी हेच सांगितलं : तेव्हा माझं खरकटं कुणीतरी उचललं होतं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि तो एक्केचाळीसवाला? पोचला का वेळेत?"

"पोचला. चाळीस मिनिटं राखून."

ताईनं तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. "म्हणजे तू वेळेवर उठवलं असतंस तर दीड तास राखून पोचला असता."

"हो."

"मग पुढच्या वेळी चष्मा लावून जा," ती म्हणाली.