जुने ज्योतिषग्रंथ ठेवावे कीं टाकावे ?

गुढीपाडवा आला कीं गतवर्षाचें पंचांग खुंटीवरून खालीं येतें आणि नवें तेथें चढतें. यांत गैर असें कांहींच नाहीं. तिथि-वार सरले, ग्रहणें होऊन गेलीं, मुहूर्त टळले. मग तो कागद राखून काय करावयाचें? परंतु ज्या ग्रंथांवरून पंचांगें होत असत त्या ग्रंथांसही आपले लोक हाच न्याय लावितात, आणि येथेंच माझा त्यांच्याशीं मतभेद आहे. पणजोबांच्या वेळेपासून फडताळांत पडलेला पोथ्यांचा एखादा रुमाल निघाला आणि तो घरांत कोणासच वाचतां येत नाहीं असें दिसलें, म्हणजे त्याची वाट ठरलेली असते. पुस्तक हें सरस्वतीचें रूप, तें रद्दीवाल्यास कसें द्यावें ? म्हणून तें मोठ्या भक्तिभावानें नदींत सोडावयाचें. नांदेडकरांस गोदावरी आहे, लातूरकरांस मांजरा. मला विचाराल तर यापेक्षां रद्दीवाला बरा. त्याच्या दुकानांतून एखादा चौकस गिऱ्हाईक पोथी परत घेऊं शकतो. नदी कांहीं परत देत नाहीं.

आणि ज्या गोदावरीच्या पोटांत आपण हे ग्रंथ लोटतों, तिच्याच कांठीं त्यांतील कित्येक लिहिले गेले, हें किती विद्यार्थ्यांस ठाऊक आहे ? नांदेडहून नदीच्या वरच्या अंगास गेलें म्हणजे परभणी जिल्ह्यांत पाथरी लागते. ज्योतिषग्रंथांत ज्या पार्थपुराचा उल्लेख येतो तें हेंच गांव, असें अभ्यासक मानितात. तेथील ज्ञानराज या पंडितानें शके १४२५ म्हणजे इ. स. १५०३ च्या सुमारास 'सिद्धांतसुंदर' नांवाचा ग्रंथ रचिला. पुराणांत पृथ्वी, समुद्र आणि द्वीपें यांचें जें वर्णन आहे तें एकीकडे, व गणितावरून पृथ्वी गोल ठरते हें दुसरीकडे. या दोहोंचा मेळ कसा घालावा, या प्रश्नाशीं ज्ञानराज झगडतो. त्याचें उत्तर आज कोणास पटणार नाहीं, परंतु त्यानें प्रश्न टाळला नाहीं. ग्रंथ गणिताचा असूनही त्यांत ऋतुवर्णनाचा एक सबंध भाग आहे. म्हणजे या गणित्याचे डोळे केवळ आंकड्यांवर खिळलेले नव्हते. त्याचा मुलगा सूर्यदास यानें भास्कराचार्यांच्या 'लीलावती' व 'बीजगणित' या दोन्ही ग्रंथांवर टीका लिहिल्या, आणि फावल्या वेळीं एक असें काव्य रचिलें कीं त्यांतील श्लोक सरळ वाचल्यास रामाची कथा निघते व उलट वाचल्यास कृष्णाची. शाळेंत ज्यांस संस्कृत हा विषय नीरस वाटतो त्यांनीं 'रामकृष्णविलोमकाव्य' एकदां जरूर पाहावें.

याच नदीच्या उत्तर तीरीं गोलग्राम म्हणून गांव होतें. तेथील दिवाकर हा कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञाचा शिष्य. गणेश दैवज्ञाचा 'ग्रहलाघव' हा शके १४४२ मधील ग्रंथ इतका सोपा व सुटसुटीत कीं पंचांग करणाऱ्या जोशाचें त्यावांचून चालत नसे. दिवाकराचे मुलगे मल्लारि आणि विश्वनाथ यांनीं त्यावर टीका व उदाहरणें लिहून तो आणखी सुगम केला. पुढें हें घराणें काशीस गेलें. दिवाकराचा पणतू कमलाकर यानें इ. स. १६५८ मध्यें 'सिद्धांततत्त्वविवेक' पुरा केला. त्यांत समरकंदच्या उलूघ बेगाच्या परंपरेंतील ज्ञानाचाही त्यानें उपयोग करून घेतला आहे. गोदाकांठच्या घराण्यांतील पुरुष गंगाकांठीं बसून समरकंदच्या ज्योतिषाचा विचार करितो, ही गोष्ट आपल्या क्रमिक पुस्तकांत असावयास हवी होती. ती नाहीं.

'सिद्धांतसुंदरा'चें पुढें काय झालें तें पाहा. पांचशें वर्षें तो नकलांवर जगला. टोके लिंडेगार्ड नुडसेन या परदेशी विद्वानानें त्याचें इंग्रजी भाषांतर व विवरण केलें आणि तें २०१४ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या मुद्रणसंस्थेनें प्रसिद्ध केलें. पाथरीचा ग्रंथ बाल्टिमोरास छापला गेला याचें मला दुःख नाहीं. विद्येस सीमा नसते. परंतु तो छापतां आला याचें कारण एवढेंच कीं कोणा अनामिक लेखकांनीं बोरू हातीं धरून त्याच्या प्रती उतरल्या आणि कोणी तरी त्या सांभाळल्या. चुकलेल्या अक्षरावर ते पिवळी हरताळ फांसून त्यावर पुन्हां लिहीत. आपण आज 'हरताळ फासणें' म्हणतों तें तेथूनच आलें. आणि ग्रंथ संपला म्हणजे तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून व मूर्खाच्या हातापासून मला राख, अशी पोथीच्या तोंडची विनवणी शेवटीं घालीत. चारी शत्रु अद्याप जिवंत आहेत.

शास्त्रग्रंथ केवळ थोर बुद्धीवर टिकत नाहींत, त्यांस आश्रय लागतो, हेंही पूर्वींच्यांस समजत होतें. आपल्या मराठवाड्याच्या सीमेपलीकडे, चाळीसगांवनजीक पाटण येथें एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो प्रथम प्रकाशांत आणिला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता, त्यानें आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून तेथें मठ स्थापिला व त्यास इ. स. १२०७ मध्यें देणगी मिळाली, असें त्यांत कोरलें आहे. लेखाचा अखेरचा भाग जुन्या मराठींत आहे. पेठेंतील मालावरचें उत्पन्न आणि दर घाण्यामागें पळीभर तेल मठास लावून दिल्याचा त्यांत तपशील येतो. 'सिद्धांतशिरोमणि' चालावयाचा तर तेल्याची पळीही लागते ! आज ग्रंथालयास वर्गणी मागितली कीं तोंड फिरविणाऱ्या आम्हां सुशिक्षितांनीं तो शिलालेख एकवार वाचावा.

आतां कोणी म्हणेल कीं एखादी प्रत गेली तर काय बिघडलें ? वराहमिहिराची 'पंचसिद्धांतिका' घ्या. आपल्या पूर्वींच्या पांच सिद्धांतांचें सार त्यानें तींत दिलें आहे आणि त्या सिद्धांतांचीं मूळ रूपें बहुतेक नष्ट झालीं आहेत. एकोणिसाव्या शतकांत मुंबई सरकारसाठीं हस्तलिखितें जमवितांना डॉ. ब्यूलर यांच्या प्रयत्नानें या ग्रंथाच्या प्रती हातीं आल्या, त्या दोन, आणि दोन्ही अशुद्ध. त्यांवरूनच थीबो व सुधाकर द्विवेदी यांनीं १८८९ सालीं ग्रंथ छापिला. शंकर बाळकृष्ण दीक्षित या शिक्षकानें आपला 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा मराठी ग्रंथ (१८९६) लिहितांना पुण्याच्या त्याच सरकारी संग्रहाचा आधार घेतला. त्या दोन घरांतील दोन माणसांस पोथी नदींत सोडण्याची बुद्धि झाली असती तर भारतीय ज्योतिषाच्या इतिहासांतील कित्येक शतकें आज अंधारांत असतीं.

याहून जोरदार आक्षेप निराळा आहे व तो मी हंसण्यावारी नेणार नाहीं. पालकांपैकीं पुष्कळांस वाटतें कीं हीं गणितें जुनीं झालीं, यांतील ग्रहगति स्थूल ठरली, मुलानें दुर्बीण आणि उपग्रह यांचें ज्ञान मिळवावें, कसर लागलेल्या कागदांत कां शिरावें ? मुलानें नवें शिकावें हें मलाही मान्य आहे. जातकफलांच्या पोथ्या गेल्या तर मी रडत बसणार नाहीं (जरी एकाच रुमालांत त्या गणिताच्या पोथीशेजारीं असतात, म्हणून रुमाल न सोडतां टाकूं नये). परंतु जुना आंकडा म्हणजे निरुपयोगी आंकडा, हें मात्र खरें नाहीं, आणि याचा पुरावा आपल्याच जुन्या राज्यांत आहे.

नांदेड आणि लातूर हे दोन्ही भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होते. त्याच्या राजधानींत, हैदराबादेस, नबाब जफर जंग यांनीं १९०१ सालीं वेधशाळा काढिली; त्यांच्या पश्चात् ती सरकारच्या ताब्यांत येऊन निजामिया वेधशाळा म्हणून नांवारूपास आली. सर्व आकाशाचीं छायाचित्रें घेऊन ताऱ्यांचीं स्थानें नोंदण्याचा एक आंतरराष्ट्रीय बेत १८८७ सालीं पॅरिस येथें ठरला होता. त्यांत विषुववृत्ताच्या दक्षिणेस १७ ते २३ अंशांचा आकाशाचा पट्टा हैदराबादच्या वांट्यास आला. छायाचित्राच्या कांचेवरील एकेक ठिपका मापून तेथील लोकांनीं आंकड्यांचे खंडच्या खंड छापिले. असे खंड जगांतील ग्रंथालयांत बहुधा धूळ खात पडत. कोण वाचणार ? नुसते आंकडे ! परंतु १९८९ सालीं युरोपीय देशांनीं हिप्पार्कस हा उपग्रह सोडला व त्याच्या वेधांशीं या जुन्या खंडांतील स्थानें ताडून पाहिलीं, तेव्हां सुमारें २५ लक्ष तारे शतकभरांत आकाशांत किती सरकले तें काढतां आलें. ती टायको-२ सूची २००० सालीं प्रसिद्ध झाली. नवें उपकरण कितीही सूक्ष्म असो, त्यास शंभर वर्षांपूर्वींचें आकाश दिसत नाहीं. तें जुन्या पुस्तकांतच पाहावें लागतें.

आणखी एक गोष्ट. कोपर्निकसचा १५४३ सालचा ग्रंथ कोणी वाचलाच नाहीं, असें आर्थर कोस्लर या लेखकानें लिहून टाकिलें होतें. ओवेन गिंगरिच या अमेरिकन ज्योतिर्विदानें सुमारें तीस वर्षें देशोदेशींच्या ग्रंथालयांत हिंडून त्याच्या पहिल्या दोन आवृत्त्यांच्या सहाशेंच्या आसपास प्रती पाहिल्या, आणि समासांतील टिपांवरून तो ग्रंथ कोणीं कोणीं व किती बारकाईनें वाचला होता तें २००२ सालीं दाखवून दिलें. छापील पुस्तकाच्या बाबतींत जर ही स्थिति, तर 'ग्रहलाघवा'च्या पुष्कळ प्रती आहेत, आणखी एक कशास, असें विचारणें बरें नव्हे. समासांत एखाद्या खेड्यांतील जोशानें आपल्या गांवाचें उदाहरण सोडविलेलें असूं शकतें, आणि तें दुसऱ्या कोणत्याही प्रतींत सांपडणार नाहीं.

छापील मराठी पुस्तकांची अवस्था तर पोथ्यांहून वाईट आहे, हें पुष्कळांस खरें वाटणार नाहीं. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यास चिंध्यांच्या लगद्याचा हातकागद होत असे. तसल्या कागदावरील पोथी दोनतीनशें वर्षांनीं उलगडली तरी पान वांकतें, मोडत नाहीं. उलट गेल्या शतकाच्या आरंभींचा लांकडाच्या लगद्याचा गिरणीकागद आपल्याच आंतील आम्लानें पिवळा पडून बोटांत चुरतो. सुबाजी बापूंनीं १८३६ सालीं पुराणें, सिद्धांत व कोपर्निकस यांच्या मतांची तुलना मराठींत केली; केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० सालीं 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' दिलीं; पुढें दीक्षितांचा थोर ग्रंथ आला. या पुस्तकांच्या जुन्या आवृत्त्या गांवोगांवच्या वाचनालयांतून 'जीर्ण' असा शेरा मारून बाद होतात. बाद करणाऱ्यास दोष देत नाहीं. त्यास कपाट मोकळें करावयाचें असतें, आणि तें पुस्तक काय आहे हें त्यास कोणीं सांगितलेलें नसतें.

मग करावें काय ? कित्येकांचें म्हणणें असें कीं आमची पोथी आमच्याच घरीं राहावी. पुण्यामुंबईचे विद्वान एकदां नेतात तें परत करीत नाहींत. हा अनुभव खोटा नाहीं. माझ्या परिचयाच्या एका घरचा रुमाल असाच 'पाहून परत देतों' म्हणून गेला तो आलाच नाहीं. तथापि घर म्हणजे सुरक्षित जागा, हा समज लातूरकरांनीं तरी बाळगूं नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत दगडमातीचीं घरें क्षणांत बसलीं आणि सुमारें दहा हजार माणसें गेलीं. जेथें माणसांची ही गत, तेथें फडताळांतील कागदांची कथा काय ? मोठी संस्था म्हणजे अभेद्य किल्ला, असेंही नाहीं. पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जानेवारी २००४ मध्यें जमावानें हल्ला करून नासधूस केली. म्हणून माझें मत असें कीं मूळ पोथी कोठें राहावी यावर भांडण्यापूर्वीं तिची नोंद आणि तिचें छायाचित्र एकाहून अधिक ठिकाणीं असावें. मूळ प्रत जेथें कोरडी खोली व जाणता माणूस असेल तेथें खुशाल जावो. परंतु लेखी पावती घेऊन जावो, आणि तिची प्रतिकृति याच जिल्ह्यांत राहो. नांदेडास १९९४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. केंद्र सरकारनें हस्तलिखितांसाठीं २००३ सालीं राष्ट्रीय कार्य आरंभिलें व २०२५ मध्यें त्यास 'ज्ञान भारतम्' हें नवें रूप दिलें. दारें आहेत, पण आपल्या घरांत काय आहे हें आपणच सांगितल्यावांचून त्यांतून कोणी येणार नाहीं.

येत्या दिवाळीच्या सुटींत घराची झाडलोट होईल तेव्हां विद्यार्थ्यांनीं आजीआजोबांस विचारावें. रुमाल निघाला तर हात कोरडे करून तो सावकाश सोडावा. पानांत उभ्या रांगांनीं आंकडे भरलेले दिसले, किंवा करण, सिद्धांत, कोष्टक, लाघव असे शब्द लागले, तर ती पोथी बहुधा गणिताची. शेवटचें पान आधीं पाहावें. शक, गांव आणि उतरून घेणाऱ्याचें नांव असल्यास तेथें असतें. पहिल्या व शेवटच्या पानाचें छायाचित्र वडिलांच्या मोबाइलवर घ्यावें, पानें मोजावीं आणि हें सर्व निराळ्या कागदावर लिहावें, पोथीवर नव्हे. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावूं नये, कुंकू वाहूं नये, प्लास्टिकच्या पिशवींत कोंडूं नये. धुतलेल्या सुती फडक्यांत बांधून भिंतीपासून दूर, उंच फळीवर ठेवावी. ती यादी शाळेंत आणून आपल्या संस्कृताच्या किंवा गणिताच्या शिक्षकांस दाखवावी.