सबुरी आणि ‘गो स्लो’

डोंबिवलीत भाड्याचे घर पाहायला गेलो होतो. मी कल्याणचा, घरात मराठी बोलणारा, एजंटही मराठी. घर पसंत पडले, डिपॉझिट ठरले. मग मी नाव सांगितले आणि त्याची भाषा बदलली. ‘‘सर, मॅटर जरा सेन्सिटिव्ह आहे. कमिटीशी टॅक्टफुली बोलावे लागेल.’’ नंतर त्याने फोन उचलला नाही.

‘आम्ही मुसलमानाला घर देत नाही’ हे सरळ मराठी वाक्य त्याच्या तोंडून निघाले नाही. त्या वाक्याला ‘आम्ही’ असा कर्ता लागतो, आणि कर्ता आला की लाज येते. त्याच्या इंग्रजीत कोणीच काही केलेले नसते. मॅटर आपोआप सेन्सिटिव्ह झालेला असतो. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतील कितीतरी मुस्लिम कुटुंबे मुंब्र्याला आली. भीतीने आली हे खरे. पण पुढे डोंबिवली-ठाण्याची दारे अशाच मऊ शब्दांनी लावली गेली, हेही खरे.

मात्र बोट नुसते दुसऱ्याकडे दाखवून भागणार नाही. आपल्या बैठकांत तलाकपीडित बाईचा प्रश्न निघाला की सुशिक्षित मंडळी काय म्हणतात? ‘गो स्लो.’ ‘लो प्रोफाइल ठेवा.’ भिवंडी 1970 मध्ये पेटली, 1984 मध्ये पुन्हा पेटली. हे पाहिलेल्या समाजाला ‘सावध राहू नका’ असे मी कोणत्या तोंडाने सांगू? सावधपणाशी माझे भांडण नाही. त्याचा भार कोणाच्या डोक्यावर ठेवला जातो, यावर आहे.

18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाई सात मुस्लिम महिलांचा मोर्चा घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले. एका दमातला तोंडी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला तो 22 ऑगस्ट 2017 रोजी. मध्ये 51 वर्षे गेली. या काळात चालली ती बाई, पोरे कडेवर घेऊन, माहेरच्या वाटेने. आपण बसून होतो आणि त्या बसण्याला ‘गो स्लो’ म्हणत होतो.

नाजूक हाताळणीला इंग्रजीत ‘किड ग्लोव्हज’ म्हणतात; म्हणजे करडाच्या कातड्याचे हातमोजे. हात मऊ राहतो, कातडे करडाचे जाते. आपल्या सावधपणाचेही तसेच झाले आहे.

मराठीत शब्दांची वाण नाही. जपून, अलगद, बेताने आहेत. ‘नरम’, ‘आस्ते’ फारसीतून आले, ‘सबुरी’चे मूळ अरबी ‘सब्र’. मराठीने ते घरचेच केले. पण सब्र म्हणजे स्वतः सोसणे. दुसऱ्याला सोसायला लावून आपण शांत राहणे, याला सब्र म्हणत नाहीत.

तेव्हा ‘गो स्लो’ म्हणणाऱ्याला एवढेच विचारा: या संथपणाची किंमत कोण मोजतो? तो स्वतः मोजत असेल तर ती सबुरी. दुसरे कोणी मोजत असेल तर तिला मराठीत स्वच्छ शब्द आहे: टाळाटाळ.